नाव घे, वहिनी

मिरची वाळत घातली का आभाळ येते, हे भिवापूरकडच्या माणसाले सांगा लागत नाई. त्या वर्षी माघ सरत आला होता. मिरची अशी लालभडक उतरली होती का कोणाची नजर लागावी, आन् उमरेडकडून ढग चढून राहिले होते. मी आंगणात उभी राहून आभाळाले शिव्या देऊन राहिली होती. शिव्या देणं मले चांगलं जमते. सासूनं शिकवलं होतं, आन् ती गेल्यावर घरातलं हे एक काम माह्याच वाट्याले आलं.

तेवढ्यात माहा दीर विश्वनाथ डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन आंगणात आला. पावसाळ्यानंतर पोलिसात भरती झाला होता, नागपूरले ट्रेनिंग चालू होतं. सुट्टी हाय असं कोणी कळवलं नव्हतं. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले, आन् बूट इतके चमकून राहिले होते का त्यात कोंबडी आपलं तोंड पाहून घेईन. मी धावली. "या भाऊजी," म्हणलं. "बसा."

आता हे 'भाऊजी' आन् हे 'बसा' कुठून आलं ते सांगते.

मी लग्न होऊन आली तवा विश्वनाथ नाकातला शेंबूड पुसता येत नाई एवढा होता. वर्षाच्या आत सासू गेली आन् पोट्टं माह्या कडेवर आलं. नाव त्याच्या मायनं ठेवलेलं, पण एवढं लांब नाव घ्याले फुरसत कोणाले? आम्ही त्याले इस्वा म्हणो. इस्वा, पाणी आण. इस्वा, बकरी कुठं गेली? इस्वा, मार खाशील. दिवसभर आमच्या घरातून इस्वा-इस्वा ऐकू येये. भरतीचा कागद आला त्या सांजी मात्र आमच्या मालकानं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, मले समोर बसवलं आन् सांगितलं का उद्यापासून हे बंद. आता तो सरकारचा माणूस हाय. त्याले नावानं हाक मारायची नाई, अरे-तुरे करायचं नाई, भाऊजी म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. आपण मान दिला तं गाव मान देईन.

मी हसली नाई. मालकाचं दुखणं मले ठाऊक होतं. गावातला पाटील त्यायले अजूनही 'देव्या' म्हणे. डोक्यावरचे केस पांढरे झाले, नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, घरात बाबासाहेबाचा फोटो लागला, तरी पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना 'काय गा देव्या' यायचंच. पाटलाचा दहा वर्षाचा नातू बी तेच म्हणे. मालक खाली मान घालून पुढं जात. त्या माणसाले आपल्या भावासाठी एक 'जी' पाहिजे होता, त्यात काय चुकलं? म्हणून मी बी जीभ वळवली. 'या भाऊजी, बसा.'

विश्वनाथ बसला. पण कसा बसला? पाठ भिंतीले न टेकवता, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून. मी भाकर वाढली, त्यानं अर्धी खाल्ली आन् ताट स्वतः घासून ठेवलं. रात्री घोंगडं घातलं ते सकाळी अशी घडी करून ठेवलं का कोपऱ्याले कोपरा लागला पाहिजे. मालक खुश. म्हणे, पाह्य कशी शिस्त लागली. मले मात्र त्या घोंगड्याकडं पाहून काही बरं वाटलं नाई. ह्या पोट्ट्यानं जिंदगीत कधी आंथरूण उचललं नव्हतं, त्याच्यासाठी मी किती ओरडली होती.

दुसऱ्या दिवशी माह्या हातून तवा पडला. मोठा आवाज झाला. पाहते तं विश्वनाथ दारात ताठ उभा, छाती पुढं, डोळे समोर, आन् हनुवटी थरथर कापून राहिली. मी म्हणलं, काही नाई भाऊजी, तवा होता. तो 'हो' म्हणला आन् बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याले खाली बस म्हणाले कोणी पाहिजे होतं जणू.

गाव येऊन पाहून जाये. कोणी म्हणे जमादार, कोणी म्हणे हवालदार साहेब. पाटील बी फाटकातून डोकावला आन् हसून म्हणला, काय जमादार, आता आमालेच धरता का? मालकाची छाती फुगली. ते हसणं कोणत्या जातीचं होतं ते त्यायले त्या दिवशी दिसलं नाई. विश्वनाथ सगळ्यायले 'हो जी, हो जी' करे. जेवण दिवसा-दिवसानं कमी होत गेलं. झोप तं नव्हतीच, पहाटे उठून पाहो तं हा खाटेवर डोळे उघडे ठेवून सरळ पडलेला. मी दोनदा मालकाले सांगितलं का पोट्ट्याचं काहीतरी बिघडलं हाय. म्हणे, तुले पोलिसातलं काय समजते.

मग एका दुपारी मी वावरात भाकर घेऊन गेली. विहिरीकडं पाहिलं. विश्वनाथ काठावर उभा होता. पाय जोडलेले, हात मांडीले चिकटवलेले, मान खाली, पाण्याकडं. मी हाक मारली, भाऊजी. वळला नाई. पुन्हा मोठ्यानं मारली. नाई. जमादार म्हणून बी मारली. जसं काही तिथं त्या नावाचं कोणी नव्हतंच. मंग टोपलं टाकून धावली आन् मागून सदरा धरून ओढला. दोघंही चिखलात बसलो. तो माह्याकडं पाहून म्हणला, पाणी पाहून राहिलो होतो वहिनी, खोल हाय. मी त्याले उठवलं. भाकर तिथंच कावळ्यानं खाल्ली असंन. त्याचा हात मी घर येईपर्यंत सोडला नाई, लोकं पाहत होते तं पाहू दे.

त्या सांजी मी मालकाले स्पष्ट सांगितलं, का ह्याले एकटं सोडायचं नाई. त्यायचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पण मान देणं तेवढं काही सुटलं नाई. रात्री त्यायनं स्वतः भावाच्या खाटेजवळ लोटाभर पाणी नेऊन ठेवलं आन् म्हणले, "तुम्ही आराम करा जी." सख्खा मोठा भाऊ धाकट्याले जी म्हणून राहिला होता. विश्वनाथनं तोंड भिंतीकडं केलं.

सकाळी आभाळ आणखी भरलं. गावाबाहेर आमचा सातरा होता. सातरा म्हणजे शेणानं सारवलेलं मोठं पटांगण, तिथंच मिरची वाळायची आन् तिथंच बायका ओळीनं बसून देठ खुडायच्या. पाणी पडलं का मिरचीवर डाग येते, डागी मिरचीले कुत्रं विचारत नाई. म्हणून जेवढी वाळली तेवढी लवकर खुडून पोत्यात भरायची होती. मी विश्वनाथले बी घेऊन गेली. म्हणलं, भाऊजी, माणसं कमी हाय, हात लावा. खरं तं माह्या डोळ्यासमोर राहावा म्हणून.

तो माह्या बाजूले मांडी घालून बसला. मिरची खुडणं सोपं दिसते. घटकाभरात बोटाची आग व्हायले लागते, ठसका लागतो, नाक-डोळे वाहतात. आन् डोळ्याले हात लावला तं मेलाच. खांद्यावरच्या पदराले तोंड पुसा लागते. मिरचीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं तं काहून आलं, हे कोणी विचारत नाई. बायका खुडता-खुडता थट्टा करून राहिल्या होत्या. आमची देवकीबुडी, दात एक नाई पण जीभ सुरीसारखी, ती म्हणे का पोलीस आला आता चोऱ्या बंद, माह्या घरची कोंबडी कोणी नेली ते सांग. विश्वनाथ हसला नाई. त्याचे हात चालून राहिले होते, एका तालात, खुड-टाक, खुड-टाक.

तसाच खाली पाहत तो हळूच म्हणला, "वहिनी, नाव घे."

बायकायनं ऐकलं आन् एकच गलका झाला. आमच्याकडं बाईले 'नाव घे' म्हणलं का त्याचा अर्थ एकच, नवऱ्याचं नाव उखाण्यात घेणं. एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाई, काढलं तं त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. देवकीबुडी म्हणली, घे वं इंदू, दीर हौसेनं म्हणून राहिला. मले तं आनंदच झाला. म्हणलं, पोट्टं इतक्या दिवसानं थट्टा करून राहिलं, म्हणजे आलं ठिकाणावर. मी डोक्यावर पदर घेतला आन् म्हणलं,

"भिवापूरची मिरची, रंगानं लाल, चवीनं तिखट,
देवाजीरावांचं नाव घेते, आहेत जरा हेकट."

बायका हसून-हसून ठसकल्या. देवकीबुडी माह्या पाठीत थापा मारून राहिली होती. मी विश्वनाथकडं पाहिलं. त्याचे हात थांबले होते. मुठीत मिरच्या चुरगाळून गेल्या होत्या, आन् लहानपणी तो बाजारात हरवला होता तवा त्याचं तोंड जसं झालं होतं, तसंच आता झालं होतं.

"दादाचं नाई, वहिनी," तो म्हणला. "माह्यं. एकदा माह्यं नाव घेऊन हाक मार."

माह्या काळजात काहीतरी तुटलं म्हणा का जुळलं म्हणा. मी त्याचं भादरलेलं डोकं दोन्ही हातानं धरलं, हाताले तिखट लागलं हाय हे बी विसरली, आन् म्हणली, "इस्वा. इस्वा रे. काय झालं माह्या इस्वाले?"

मग तो रडला. तोंड माह्या मांडीत खुपसून रडला. मिरचीचं निमित्त बी नाई ठेवलं त्यानं. बायका तोंड फिरवून खुडत राहिल्या. देवकीबुडीनं तेवढं पाणी आणून ठेवलं.

हळूहळू बोलला. तिथं नाव नसते म्हणे. छातीवर नंबर, त्याच नंबरानं उठायचं, त्याच नंबरानं पळायचं, शिव्या बी नंबराले. त्याचं बी त्याले काही वाटत नव्हतं, पळणं त्याले आवडे. पण हुकूम सारे हिंदीतून. एका दिवशी 'दाहिने मुड' म्हणलं आन् हा डावीकडं वळला. घाईत पुन्हा चुकला, पुन्हा चुकला. त्याच्यापायी सगळ्या टोळीले बंदूक डोक्यावर धरून ग्राउंडाचे चक्कर मारावे लागले. त्या दिवसापासून बराकीत त्याच्याशी कोणी बोलेना. जेवताना बाजूले कोणी बसेना. झोप गेली. हात कापू लागले. शेवटी ताप भरला तवा डॉक्टरसमोर नेलं. डॉक्टरनं विचारलं, नाव काय? आन् ह्याले आठवेना. "नंबर सांगितला वहिनी," तो म्हणला. "नाव येईच ना. म्हणलं घरी जाईन तं कोणी हाक मारंन, आठवंन. तं घरी तुम्ही सारे मले भाऊजी म्हणता, जमादार म्हणता. दादा मले जी म्हणते."

मी मान वर केली तं मालक मागं उभे. पोते घेऊन आले होते. किती ऐकलं त्यायनं, देव जाणे. तोंड राखेसारखं झालं होतं. मले वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलंन. पण तेवढ्यात पाण्याचे टपोरे थेंब पडले, पहिला माह्या हातावरच. सातऱ्यावर सगळी मिरची उघडी.

मालकानं पोते खाली टाकले आन् गळ्याच्या शिरा फुगवून ओरडले, "इस्वा! ताडपत्री धर! काहून बसून राहिला गा, धर म्हणतो ना!"

आन् इस्वा उठला. असा उठला का मी पाहतच राहिली. एका टोकाले तो, एका टोकाले मालक, मधात वाऱ्यानं फुगलेली ताडपत्री. मालक ओरडून राहिले होते, इस्वा डावीकडं, इस्वा दगड ठेव, अरे डावीकडं इस्वा, तुह्या डोक्यात काय भुसा भरला? इस्वा पुन्हा उजवीकडंच गेला आन् देवकीबुडी म्हणली, ह्या पोट्ट्याले डावं-उजवं लहानपणापासूनच समजत नाई, पोलिसायले काय आता कळलं! त्या पावसात इस्वा हसला. पहिल्यांदा. मालक बी हसले, मग तोंड वळवून बाहीनं डोळे पुसले. बाहीले तिखट होतं. दिवसभर त्यायचे डोळे लाल राहिले, आन् मी काहून म्हणून विचारलं नाई.

पाऊस फार पडला नाई. थोडी मिरची डागली, बाकी वाचली. मी आभाळाले दिलेल्या शिव्या वापस घेतल्या.

त्याच्यानंतर घरात पुन्हा इस्वा-इस्वा सुरू झालं. मी तं उट्टं काढलं. इस्वा पाणी आण, इस्वा ताट उचल, इस्वा घोंगडं असं कोपऱ्याले कोपरा लावून ठेवलंस तं चुलीत घालीन. तो जेवू लागला. एका दुपारी सातऱ्याच्या सावलीत घोरत पडला, तोंड उघडं, माश्या बसून राहिलेल्या. मी पदरानं माश्या हाकलत बसली. काम पडून राहिलं तं राहू दे म्हणलं. संध्याकाळी मालक त्याले आंगणात उभा करून उजवा-डावा शिकवू लागले. उजव्या मनगटाले मिरचीचा देठ सुताच्या धाग्यानं बांधला, आन् हिंदीतून हुकूम सोडू लागले. मालकाची हिंदी म्हणजे बाप्पा! 'दाहिने मुडके दिखाव' म्हणत. पोट्टा चुकला का मालक त्याच्यासोबत आंगणाचा चक्कर मारत. दोन्ही भाऊ पळत आन् मागं कुत्रं.

सुट्टी संपत आली तवा मी म्हणलं, नको जाऊ. वावर हाय, मिरची हाय. मालकानं ते त्याच्यावर सोडलं. इस्वानं रात्रभर झोप काढली आन् सकाळी बुटाले पॉलिश करायले बसला. "जातो वहिनी," म्हणला. "पळणं आवडते मले. आन् उस्तादले शब्द दिला हाय."

उस्ताद म्हणजे त्यायले कवायत शिकवणारा, मधुकरराव नावाचा हवालदार. ज्यानं चक्कर मारायले लावले तोच. मी मनात म्हणलं, बरं झालं. आम्ही दोघंही पोहचवायले येतो म्हणलं, आन् बसमधे बसल्यापासून मी त्या उस्तादले द्यायच्या शिव्या जुळवत गेली. सासूच्या काळच्या ठेवणीतल्या काढल्या.

ट्रेनिंगच्या गेटपाशी तो भेटला. मिशा ह्या एवढ्या, आवाज असा का झाडावरचे पाखरं उडावे. इस्वाचा नंबर घेऊन ओरडला. माह्या अंगाचा भडका उडाला. मी पुढं झाली आन् म्हणली, त्याले नाव हाय.

उस्तादनं माह्याकडं पाहिलं, इस्वाकडं पाहिलं, त्याच्या भरलेल्या गालाकडं पाहिलं. आन् आवाज एकदम खाली आला. आम्हा दोघायले बाजूले घेऊन म्हणला का साहेब सुट्टी देत नव्हते, मीच पायाशी बसून मागितली. पोट्टा डॉक्टरले नंबर सांगून राहिला तवाच मले कळलं, म्हणे. "माह्या बॅचमधे असाच एक होता," तो म्हणला. "त्याले कोणी घरी नाई धाडलं."

पुढचं त्यानं सांगितलं नाई. मले विहीर दिसली. जुळवून आणलेल्या साऱ्या शिव्या माह्या घशातच विरल्या, आन् मी त्याच्या पायाले हात लावायले वाकली. तो गडबडून मागं सरला. मग मी मिरचीची पिशवी त्याच्या हातात दिली. म्हणलं, भाऊ, आमच्या भिवापूरची हाय, खाल्ल्यावर आवाज आणखी मोठा होईन तं होऊ दे, पण आमच्या पोट्ट्याले दिवसातून एकदा तरी नावानं हाक मारत जा. तो म्हणला, ग्राउंडावर नंबरच चालते बाई, पण ग्राउंड काही दिवसभर नसते. आन् गेटाकडं वळून म्हणला, "जा विश्वनाथ, आधी चहा पिऊन घे."

पूर्ण नाव घेतलं त्यानं. मायनं ठेवलेलं. इस्वा आमच्याकडं पाहून हसला आन् आत गेला. मनगटावरचा देठ तसाच होता. पुढं तो पास झाला, साऱ्या नोकरीत कोणाचं वाईट केलं नाई, आता त्याचे नातू त्याच्या मिशा ओढतात. मी आजही मिरची खुडताना त्या उस्तादचं भलं चिंतते. तो नसता तं माह्या इस्वाचं नाव घ्यायले आम्हीच उरलो असतो आन् ऐकायले इस्वा नसता.

परतीच्या बसमधे आम्ही दोघं बाजू-बाजूनं बसलो. मालक खिडकीकडं. उमरेड गेलं तरी मान तिकडंच. मले वाटलं भावाची आठवण येऊन राहिली असंन. मग बाहेर पाहतच म्हणले, "गाव मले देव्या म्हणते. तू म्हणते 'आइकता का जी'. देवाजी म्हणणारी माय होती, ती गेलीच."

बस्स, एवढंच. पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. मी इकडं-तिकडं पाहिलं. बस भरली होती. समोर आमच्याच गावची एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, आन् ती गावभर सांगंन हे मले पक्कं ठाऊक होतं. आयुष्य कमी होते म्हणतात. पण नावाबिगर माणूस कसा कमी होते, ते मी याच महिन्यात पाहिलं होतं.

"देवाजी," मी म्हणली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "खिडकी लाव गा. वारा येऊन राहिला."

समोरच्या बाईची मान गर्रकन वळली. खिडकी तं आधीच लागलेली होती, घाबरून काहीतरी बोलली मी. त्यायनं माह्याकडं पाहिलं, खिडकी उघडली, आन् पुन्हा लावली.